मिस्सा संपली आणि पुढचा व्हिडिओ आपोआप लागला

आदरणीय बाई,

वसईजवळच्या एका गावातून लिहितेय. घरात आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी आणि मुलगा. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत शेजारच्या काकू दरवर्षीसारखं फराळाचं ताट घेऊन आल्या, तर हा दारातच म्हणाला, "हे देवाला दाखवलेलं असतं, आम्हाला चालत नाही." तीस वर्षांचा शेजार आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लॉकडाऊनपासून तो कुठल्या कुठल्या इंग्रजी उपदेशकांचे व्हिडिओ बघतो. आजी रोज संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसापाशी जपमाळ म्हणते, ती याच्या मते मूर्तिपूजा. लुगडं, ओव्या, आरती सगळं 'पेगन', म्हणजे मूर्तिपूजकांचं. मुलीची तऱ्हा उलटी. जानेवारीत तिचं लग्न आहे. तिला सगळं 'ट्रॅडिशनल' हवंय, आजीचं लाल लुगडंसुद्धा, पण रील करायला. क्रुसापाशी ती वर्षात एकदाही जात नाही. या दोघांचे फोन काढून घेऊ का? श्रद्धा आणि संस्कृती दोन्ही हातची चालली असं वाटतं. आमच्या ग्रुपवर मी रोज चांगले मेसेज टाकते, ते ही दोघं उघडतही नाहीत. मागे एकदा रात्री त्याने विचारलं होतं, आपण ख्रिस्ती कधी झालो आणि का झालो? मी म्हटलं, पोर्तुगीजांच्या वेळी, झोप आता. त्यानंतर त्याने मला धर्माबद्दल काही विचारलेलं नाही, फक्त सांगतो. त्याचे तीन व्हिडिओ सोबत पाठवतेय.

– एक आई

ताई,

पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. पोराने रात्री प्रश्न विचारला आणि तुम्ही म्हणालात, झोप आता. मी तुम्हाला दोष देत नाही. दिवसभर राबलेल्या आईला रात्री अकरा वाजता सोळाव्या शतकाबद्दल बोलायला लावणं हा छळच आहे. पण प्रश्न तिथे संपला नाही. तो तसाच उशाशी घेऊन तो झोपला असेल, आणि उशाशी फोन होता.

तिन्ही व्हिडिओ मी पाहिले. सर्वांत लांब आहे तो दीड मिनिटाचा. माणूस अमेरिकन आहे, आवाज खणखणीत, मागे ढोल वाजतोय, आणि दर चार सेकंदांनी चित्र बदलतं. तो खोटारडा आहे असं मला म्हणायचं नाही. पवित्र शास्त्रातल्या ज्या ओळी तो म्हणतो त्या पवित्र शास्त्रात आहेत. पण तुमचं गाव त्याने पाहिलेलं नाही. शेजारच्या काकू त्याला माहीत नाहीत. त्याच्यासमोर वेगळा देश आहे, तिथली वेगळी भांडणं आहेत, आणि त्या भांडणांतली उत्तरं तुमच्या मुलाने जशीच्या तशी उचलून तुमच्या उंबऱ्यावर आणून ठेवली आहेत.

हे घरात शिरलं कसं, याचा धागा तुमच्या पत्रातच आहे: लॉकडाऊनपासून. २०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली. (वसईबाहेरच्या वाचकांसाठी: वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो आणि तुमच्या मुलाने तो सोडू नये असं वाटतं.) महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. मधले आठ महिने मिस्सा, म्हणजे देवळातली सामूहिक उपासना, फोनवर होती. तुमचा मुलगा तेव्हा १४ वर्षांचा. तुम्ही सगळे फोन भिंतीला टेकवून समोर बसत असाल, आम्हीही बसायचो. मिस्सा संपली की मोठी माणसं उठून चहा टाकायला जायची. फोन मात्र बंद व्हायचा नाही. पुढचा व्हिडिओ आपोआप लागायचा. तो कोणता लावायचा हे तुमच्या फादरांनी ठरवलेलं नव्हतं, तुम्हीही नाही. ज्याने माणूस जास्त वेळ बसून राहील तो लावायचा, एवढंच त्या यंत्राला शिकवलेलं आहे. आणि माणूस सर्वांत जास्त वेळ बसतो तो कुणीतरी कुणालातरी चूक ठरवत असताना. भांडण बघायला आपण गल्लीतही उभे राहतोच की. २०२१ साली फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर आली तेव्हा कळलं की २०१७ पासून त्यांच्या हिशेबात रागाच्या चिन्हालासुद्धा साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन होतं. म्हणजे एखादी गोष्ट वाचून तुम्ही चिडलात तर ती आणखी पाच घरांत जाऊन चिडवणार.

देवळात असं होत नाही. तिथे मिस्सा संपली की माणसं दाराशी घुटमळतात. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या केळीच्या बागेत पाणी साचलेलं, कुणाची सून दुबईहून आलेली. उपदेश अर्धा डोक्यावरून गेलेला असतो, पण तो ऐकणारी माणसं एकमेकांना ओळखतात. व्हॅटिकनने २००२ सालीच लिहून ठेवलं आहे की इंटरनेटवर साक्रामेंत, म्हणजे बाप्तिस्म्यासारखे पवित्र संस्कार, होत नाहीत. तेव्हा हे मला जरा कर्मठ वाटलं होतं. मी नगरची, प्रॉटेस्टंट, मिशन कंपाउंडात वाढलेली. रोमहून काही आलं की भुवई थोडी वर जातेच. आता पटतं. शब्द देही झाला, असं योहान आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच सांगतो. देहाला घाम येतो, त्याला भूक लागते, त्याचा शेजार असतो. फोनवर पोचतो तो फक्त शब्द.

आता फराळाकडे येऊ, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय.

मुलगा जे बोलला त्याला शास्त्रात आधार नाही असं त्याला सांगू नका. तो लगेच काढून दाखवील. करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय उघडा आणि त्याच्याशेजारी बसा. करिंथ हे मूर्तींच्या देवळांनी भरलेलं शहर होतं. बाजारात विकायला येणारं बरंचसं मांस आधी कुठल्यातरी वेदीवर चढलेलं असायचं. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना हाच प्रश्न पडला होता, खायचं की नाही? हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, बाजारात जे मिळतं ते विचारत न बसता खा. परक्या धर्माच्या माणसाने जेवायला बोलावलं आणि तुला जावंसं वाटलं, तर वाढलेलं खा, चौकशी करू नकोस. हे २५ ते २७ व्या ओवीत आहे. मग २८ व्या ओवीत तो म्हणतो, पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर खाऊ नकोस, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून. तुमच्या मुलाच्या व्हिडिओत फक्त ही २८ वी ओवी आहे. आधीच्या तीन कापल्या गेल्यात, दीड मिनिटात बसत नसतील. काकूंनी काही सांगितलं होतं का? त्यांनी ताट पुढे केलं. ती देवाची गोष्ट तुमच्या मुलानेच काढली. पौलाने नेमकं जे करू नका म्हटलं, चौकशी, तेच त्याने दारात केलं.

त्याचबरोबर हेही खरं की त्याचं मन खरोखर घेत नसेल तर न खाण्याचा त्याला अधिकार आहे. पौल दुबळ्या मनाच्या माणसाची टिंगल करत नाही, तुम्हीही करू नका. त्याने चकली खाल्लीच पाहिजे असा हट्ट धरू नका. हट्ट धराल तर तो आणखी ताठेल आणि त्याला वाटेल आपण हुतात्मा झालो. ताट घ्यायचं, काकूंना बसवायचं, पाणी द्यायचं, पोरांची चौकशी करायची, एवढं तरी तो शिकू शकतो. खायचं की नाही ते नंतर त्याचं तो बघेल.

काकूंकडे मात्र तुम्ही आजच जा. पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबला असाल तर उशीरच झालाय. माफी मागताना मुलाचं वागणं समजावून सांगत बसू नका, फोनला दोष देऊ नका. "वहिनी, त्या दिवशी चुकलं" एवढं पुरे.

आता 'पेगन'. या शब्दाचा मला राग येतो, हे कबूल करते, म्हणून माझं पुढचं थोडं सावधपणे वाचा.

तुमच्या मुलाला वाटतं ओवी आणि आरती म्हणजे आपल्या धर्मात घुसलेली भेसळ. त्याला विचारा, फादर थॉमस स्टीफन्स कोण हे माहीत आहे का? इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट (येशूसंघाचा कॅथलिक धर्मगुरू) गोव्यात आला, मराठी शिकला, आणि त्याने ख्रिस्ताची सगळी कथा हजारो मराठी ओव्यांत रचली. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल इथे छापलं गेलं. तुकाराम तेव्हा लहान मुलगा होता. म्हणजे ख्रिस्ती ओवी ही कालची तडजोड नव्हे, चारशे वर्षांची आहे. तो व्हिडिओवाला ज्या मंडळीतून बोलतो ती कधी स्थापन झाली ते एकदा मुलालाच शोधायला सांगा. आमच्याकडे नगरला नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मग अभंग लिहिले, कीर्तनं केली. आमच्या चर्चमध्ये मी टाळ आणि पेटीवर वाढले. ऑर्गनही होता, पण तो नेहमी बिघडलेला असायचा. कॅथलिकांचं म्हणाल, तर १९६९ साली खुद्द रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्दे मंजूर केले. हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी समई, आरती, हे सगळं त्यात आहे. आजीच्या बाजूने परवानगी आहे, मुलाने काळजी करू नये.

पण इथे मला तुमच्याशीही थोडं भांडायचं आहे. तुम्ही लिहिता, श्रद्धा आणि संस्कृती दोन्ही हातची चालली, जणू दोन्ही एकाच पेटीत ठेवलेले दागिने. तसं नाहीये. संस्कृतीतलं सगळंच पवित्र, असं ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही. सोयरीक जुळवताना आधी जात विचारणारे ख्रिस्ती आमच्याकडे नगरला आहेत, तुमच्याकडेही असतील. हुंडा आहे. कबरस्तानातसुद्धा आपले आणि त्यांचे असा भेद केलेला मी पाहिलाय. मुलगा शुभवर्तमानाची फूटपट्टी घेऊन आपल्या रीतींकडे बघतोय, यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की फूटपट्टी लुगड्याला आणि फराळाला लावली गेली. जातीला आणि हुंड्याला लावायला त्या व्हिडिओने सांगितलं नाही, कारण त्याला त्या गोष्टी ठाऊकच नाहीत.

मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. आपल्या समाजात बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी इतकं स्पष्ट सांगितलं की पुणं त्यांच्यावर तुटून पडलं. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या मठात राहूनही त्या शाकाहारीच राहिल्या, आणि गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, म्हणून तिथल्या सिस्टरांशी पत्रातून वाद घातला. समाजावर टीका करायला त्यांना दुसऱ्याचे कपडे घालावे लागले नाहीत. तुमच्या मुलाला वाद घालायची आवड आहे ना, मग त्याला रमाबाईंची पत्रं वाचायला द्या. त्या बाई वादात कुणाला ऐकायच्या नाहीत.

आणि ज्या प्रश्नाला तुम्ही झोपवलंत त्याचं काय? मला शंका आहे, तो प्रश्न त्याला आपोआप पडलेला नव्हता. समाजमाध्यमांवर ख्रिस्ती मुलांना 'राईस बॅग' म्हणून चिडवतात, म्हणजे तुमच्या आजोबांनी तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकला. मराठी आडनाव, ख्रिस्ती नाव आणि खाली कॉमेंट लिहिण्याची हौस असली की हा शब्द कधीतरी अंगावर येतोच. कॉलेजच्या ग्रुपवर कुणी म्हटलं असेल. पोरं हे आईला सांगत नाहीत. मग जो खणखणीत आवाजात म्हणतो की आपणच बरोबर, बाकी सगळे चूक, तो मोठ्या भावासारखा वाटतो. त्याला एकदा नुसतं विचारा, कुणी काही बोललं होतं का रे? उत्तर आलं नाही तर थांबा, पुन्हा विचारा.

आणि मग त्याला उत्तर द्या, थोडं थोडं, जेवताना. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या राज्यात माणसं ख्रिस्ती झाली. कुणी ऐकून पटलं म्हणून, कुणी सोयीसाठी, आणि कुणी दडपणाखालीही. हे लपवू नका, नाहीतर उद्या तेही त्याला कुणीतरी दीड मिनिटात सांगेल. पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्या नोकऱ्या, मानमरातब आणि धाक, सगळं गेलं. राज्य पेशव्यांचं. त्या दिवसापासून ख्रिस्ती राहण्यात तुमच्या पूर्वजांचा दमडीचा फायदा नव्हता. तरी ते राहिले. मराठी बोलत, वाडीला पाणी देत, लुगडं नेसत राहिले. ज्या लुगड्याला मुलगा नाक मुरडतो ते नेसणाऱ्या बायकांनी ही श्रद्धा पोर्तुगीजांशिवाय पावणेतीनशेहून जास्त वर्षं टिकवली आहे. आणि याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानात गेला, जपानी शिकला, आधी व्यापारी मग फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मेला. तो संत तुमच्या गल्लीपासून किती किलोमीटरवरचा आहे ते तुम्हीच मोजा.

शास्त्र त्याने इंग्रजीतच वाचलं असेल. एकदा मराठीत वाचा म्हणावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तुमच्याच वसईचे. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालाय. आजीला मोठ्याने वाचून दाखवायला लावा. तिला दिसत नसेल तर उत्तम निमित्त आहे, दिसत असेल तर आजीने थोडं नाटक करावं.

मुलीबद्दल मी फारसं लिहिणार नाही, तिची मला तितकी काळजी नाही. भाऊ आजीचं लुगडं पाप म्हणतो आणि बहीण तेच लुगडं वेशभूषा म्हणून मागते. आजीला दोघांनीही काही विचारलेलं नाही. मुलीला सांगा, लुगडं मिळेल, पण नेसायला आजीकडून शिकायचं. किमान चार दुपारी. निऱ्या सुटतील, आजी रागावेल, मग आजी तिच्या स्वतःच्या लग्नाचं काहीतरी सांगेल जे तुम्हालाही माहीत नसेल. त्यानंतर रील करू दे, बिघडत नाही. मी रीलच्या विरोधात नाही. तुमच्याकडची कादोडी बोली कुठल्या शाळेत शिकवतात? यूट्यूबवर पोरं तिच्यात गाणी म्हणतात, नकला करतात, आणि आखातात बसलेली माणसं ऐकून रडतात. मी नगरची, मला अर्धी कळत नाही, तरी ऐकते.

राहता राहिल्या तुम्ही. रोज चांगले मेसेज टाकता म्हणालात. ताई, मीही टाकायचे. दोन वर्षांपूर्वी एक जळकं चर्च आणि रडणाऱ्या बायकांचा फोटो आमच्या नात्यातल्या ग्रुपवर आला, खाली आपल्याच देशातल्या एका राज्याचं नाव. मी डोळे पुसत तो सात ठिकाणी पुढे पाठवला. पुतण्याने संध्याकाळी दाखवलं, फोटो दुसऱ्याच खंडातला आणि कितीतरी वर्षं जुना. आपल्या देशात ख्रिस्ती लोकांवर हल्ले होत नाहीत असं मुळीच नाही, होतात. म्हणून तर मला तो लगेच खरा वाटला. पण ज्या राज्याचं नाव होतं तिथल्या माणसांबद्दल मी त्या दिवशी सात घरांत खोटी साक्ष दिली. दहा आज्ञांपैकी तुमच्याकडे ती आठवी, आमच्याकडे नववी, मोजणीत फरक आहे, पाप तेच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ती अफवा फोनवरूनच फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं जाहीर केलं. मेसेज पुढे पाठवणाऱ्या सगळ्यांना आपण चांगलंच काम करतोय असं वाटत होतं.

मुलं तुमचे मेसेज उघडत नाहीत, कारण त्यात तुम्ही नसता. गुलाबाचं फूल असतं आणि कुणीतरी लिहिलेलं वचन. एक दिवस मेसेज टाकू नका आणि त्याच वेळात मुलाच्या खोलीत जाऊन बसा.

फोन काढून घेऊ नका. १९ वर्षांच्या मुलाचा फोन काढून घेणं म्हणजे त्या अमेरिकन माणसाला त्याच्या नजरेत खरं ठरवणं. एक काम मात्र करता येईल: घरातल्या सगळ्या फोनवर, तुमच्यासकट, पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो ते बटण बंद करा. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये आहे, मुलालाच करायला सांगा, त्याला येतं. जपमाळेच्या वेळी फोन टोपलीत, आणि टोपलीत पहिला फोन तुमचा. जुन्या काळी, चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचा एक साधू राहायचा. त्याने दुपारच्या सैतानाबद्दल लिहून ठेवलंय. हा सैतान साधूला काही वाईट करायला लावत नाही. नुसता सारखा खिडकीकडे बघायला लावतो, ऊन किती सरकलं, कुणी भेटायला येतंय का, आणि हळूहळू त्याला वाटू लागतं की इथल्या कुणाचंच माझ्यावर प्रेम नाही, दुसरीकडे गेलं पाहिजे. हे मी वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि दुसऱ्या हातात माझा फोन होता.

मुलाला वादापासून तोडू नका, त्याला पुढे ढकला. फ्रेडरिक ओझानाम नावाचा पोरगा १८३३ साली पॅरिसमध्ये शिकत होता, वय २०. वादसभांत ख्रिस्ती धर्माची बाजू जोरात मांडायचा. एकदा समोरच्याने विचारलं, तुमच्या चर्चने पूर्वी केलं असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता ते दाखवा. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मित्रांना घेऊन तो वस्तीतल्या घरांत जाऊ लागला, आणि त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या देवळाच्या हद्दीत) तिची शाखा असायची शक्यता बरीच आहे. तिथे बहुधा सगळे साठीच्या पुढचे असतील आणि त्यांना औषधांच्या पिशव्या उचलायला, फॉर्म ऑनलाइन भरायला तरुण माणूस हवाच असेल. फादरांशी बोला, पण फादरांनी त्याला उपदेश करायला नको, नुसतं काम सांगावं. एखाद्या आजारी म्हाताऱ्याकडे चार रविवार बसून आला की त्याची मतं बदलतील असं मी म्हणत नाही, कदाचित तो आणखी कडक होईल. पण कोण कुठे राहतं हे तरी त्याला कळेल.

नाताळला महिनाही उरला नाही. यंदा काकूंच्या घरी ताट घेऊन मुलाला पाठवा, एकट्याला. काय बोलायचं ते शिकवू नका. ताटात काय काय भरलंत ते मला कळवा. आमच्या नगरला करंज्या असतात, चकल्या आणि शंकरपाळी. सारण, मोहन, तळण, सगळं दिवाळीचंच. त्याला या करंज्या लहानपणापासून आवडत असतील.

– तुमची बाई